डेपोवाल्या काकांच्या कोंबड्या

डेपोवाले काका कोणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खुर्चीखाली वाकून पाहायचे. पाय हलतो का, खिळा कुठं वर आला आहे का, पट्टी सैल झाली का. मग हात झटकून बसायचे आणि म्हणायचे, "रंग वरून दिसते, गाडी खालून दिसते." नवीन माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. आम्हा शेजाऱ्यांना त्याची सवय झाली होती.

अकोल्याच्या बसडेपोत त्यांनी उभा जन्म गाड्यांच्या पोटाखाली काढला. निवृत्त झाले, खाकी कपडे पेटीत गेले, पण वाकायची खोड काही गेली नाही. भाजीवाल्याचा हातगाडा, दूधवाल्याची फटफटी, माझं शिवणाचं मशीन, सगळ्यांखाली त्यांचं डोकं जाऊन आलेलं. एकदा गल्लीत मुलगी पाहायला पाहुणे आले होते. गाडी अशी चकचकीत, की तोंड पाहून घ्यावं. काका तिच्याखाली शिरले आणि कपाळाला काळं लावून बाहेर आले. मुलीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणाले, "सायलेन्सर तारेनं बांधला हाय भाऊ. पाहुण्यायची जरा चौकशी करजा." लग्न झालं, मुलगी सुखात आहे. पण जावई अजूनही सासरी आला की गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावतो.

त्यांचं आणि माझं अंगण शेजारी शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. मी फॉल-पिकोचं काम करते. मशीन खिडकीशी होतं. तुम्ही म्हणाल, ही बाई दुसऱ्याच्या अंगणात डोळे लावून बसत होती वाटतं. होय, बसत होते! दोरा संपला की मान वर होतेच, आणि मान वर झाली की समोर काका असायचे. तुमच्याही खिडकीसमोर असा एखादा माणूस असेल, तर तुम्ही काय डोळे मिटून घेता? उगाच मला नावं ठेवू नका.

काकू गेल्यावर त्यांचा साळा हिवरखेडहून टोपलीत पाच कोंबड्या घेऊन आला. "भाऊजी, घरात काही तरी हालतं-बोलतं पायजे," म्हणाला आणि टोपली ठेवून गेला. काकांनी तोवर कोंबडी फक्त ताटात पाहिली होती. जिवंत कोंबडीला काय खाऊ घालतात, कुठं झोपवतात, काही पत्ता नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी पाचही जणींना पोळीचा कुस्करा दिला आणि त्या खाईपर्यंत हात जोडून उभे राहिले, जणू पंगतच बसली होती.

नावं ठेवली तीही डेपोतलीच. एक किडकिडीत, वाकड्या बोटाची, पण भिंत, काटे, नाली काहीही ओलांडून जाणारी. ती धारणी. "मेळघाटाच्या रस्त्यावर चालनारी गाडी हाय ही. हिले घाटाची भीती नाही." दुसरी गुबगुबीत, तांबूस, पिसांना नुसती चमक, चालायची तर शेटाणीसारखी. ती धामणगाव. "कापसाचं अन् धान्याचं गाव हाय ते बाई. तिथं उपाशी कोन राह्यते?" एक रोज संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसायची, घरी जायचं नावच नाही. तिचं नाव मुक्कामी. उरलेल्या दोघी जलद आणि साधी. त्या दोघींतला फरक मला शेवटपर्यंत कळला नाही.

रोज सकाळी तपासणी व्हायची. एकेक कोंबडी बगलेत घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं. डोळे पाहिले की "लाइट दोन्ही चालू." ती ओरडली की "हॉर्न बरोबर." गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून "टाकी फुल." पंजे उलटे करून "चाकं ठीक." आणि शेवटी शेपटी वर करून, "सायलेन्सर साफ. सोड गाडी!" आणि कोंबडी फडफडत खाली. मी हसून हसून सुई बोटात टोचून घ्यायची.

त्या उन्हाळ्यात काका चक्कर येऊन न्हाणीत पडले. फार लागलं नाही, पण पुण्याचा मुलगा धावत आला. मुलगा वाईट नाही हो, चांगला आहे. बापाचा जीव एकटा कसा राहील, याचा त्यानं धसका घेतला होता, एवढंच. "बाबा, पुण्याला चला. इथं कोण आहे तुमच्याकडे बघायला?" म्हणाला. काका म्हणाले, "अन् या पाच जनी? यायले कोनाच्या गळ्यात टाकू?" तेवढ्यावर त्या वेळी भागलं. काका रक्तदाबाची गोळी घेऊ लागले आणि ती घेतली का, हे मी रोज भिंतीवरून ओरडून विचारू लागले.

दिवाळीच्या तोंडावर धारणीची पिसं गळायला लागली. आधी मान उघडी पडली, मग पाठ. मग एका सकाळी शेपटीच गायब! तिच्या मागोमाग जलद, साधी आणि मुक्कामी. अंगणात उशी फाटल्यासारखी पिसंच पिसं. अंडी बंद. एक धामणगाव तेवढी जशीच्या तशी, तांबूस आणि चकचकीत.

मुलगा दिवाळीला आला आणि अंगणात पाऊल टाकताच थबकला. धारणी समोरून धावत गेली. निम्मी सोललेली कोंबडी खाटकाच्या हातून सुटून आली असावी, असंच दिसत होतं तिचं ध्यान. त्याला हसूही आलं नाही. म्हणाला, "बाबा, कोंबड्यांची ही दशा झाली आहे. यांच्याकडे बघणं होत नाही तुमच्याकडून, तर स्वतःकडे काय बघाल? मी संक्रांतीला येतो. सामान बांधून ठेवा. या कोणाला तरी देऊन टाका."

 मुलगा गेल्यावर काका भिंतीशी येऊन उभे राहिले. मी चहा दिला. तो हातातच निवला.

"मले पुन्याचं वाकडं नाही व बाई," ते म्हणाले. "पोरगं गुनी हाय, सून बी चांगली हाय, नात पिंकी बी मायाळू हाय. पन तिथं मी सोफ्यावर ठेवलेला माल होतो. वरतून पुसतात, जाग्यावर ठेवतात. इथं मले सकाळी उठून काम हाय. अन् आता पोरगं म्हनते ते खोटं कसं म्हनू? दिसूनच राह्यलं न समोर."

 त्यांनी जाऊ नये असं मला मनापासून वाटत होतं. ते गेले असते तर त्या भिंतीपलीकडे मला काय राहिलं असतं, सांगा? पण तोंडानं मी एवढंच म्हटलं, "मंग लागा कामाले. संक्रांतीले वेळ हाय अजून."

आणि काका असे कामाला लागले, की विचारू नका. सकाळची तपासणी सकाळ-दुपार-संध्याकाळ झाली. गल्लीतल्या प्रत्येकाकडे इलाज तयार होता. कोणी हळद सांगितली, कोणी कडुनिंबाचं तेल. एकानं तर "रोग हाय काका, मरायच्या आंदी कापून टाका," असा मोलाचा सल्ला दिला. त्याला काकांनी अंगणात पुन्हा पाय ठेवू दिला नाही. तेल मात्र लावलं. धारणीला बगलेत दाबून, उघड्या पाठीवर बोटानं चोळून चोळून. ती अशी किंचाळायची की माझं मशीन थांबायचं. काका म्हणायचे, "थांब माय, थांब, तुह्याच भल्यासाठी हाय."

आठवडा गेला असेल. एका सकाळी काका दाणे घेऊन अंगणात आले आणि चारही उघड्याबोडक्या कोंबड्या त्यांना पाहून खुराड्यामागे पळाल्या. पूर्वी याच त्यांच्या पायात येत, चप्पल टोचत. काका मूठभर दाणे घेऊन तसेच उभे.

मी म्हटलं, "आता आपली अक्कल पुरे. दवाखान्यात चला."

धारणीला कापडी पिशवीत घातलं, डोकं बाहेर. आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. गाईम्हशी, बकऱ्या, एक कुत्रा आणि आम्ही. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी धारणीला टेबलावर मोकळं सोडलं, नुसतं पाहिलं. धारणीनं त्यांच्या पेनावर चोच मारली.

"काका, ही आजारी नाही. पिसं झडायचे दिवस आहेत. दिवस लहान होऊ लागले, की जुनी पिसं टाकून नवी आणतात या. सगळी ताकद तिकडे जाते, म्हणून अंडं बंद." मग तिच्या मानेवरचे निळसर, टोकदार कोंब दाखवले. "ही नवी पिसं. आत रक्त असतं. दाबलं की फार दुखतं. तुम्ही हिला दिवसातून किती वेळा उचलता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

बाईंनी समजावून सांगितलं. हात लावू नका, डोळ्यांनी पाहा. दाण्याला धावत येते का, डोळे उघडे आणि ओले-चिकट नाहीत ना, नाक वाहतं का, शी पातळ-हिरवी आहे का. तुरा थोडा फिका पडेल, त्याला भिऊ नका. उकडलेलं सोयाबीन द्या, डाळीची चुरी द्या, थोडी सुकट द्या. "आणि कोणी कोपऱ्यात फुगून बसली, दाण्याला आली नाही, तर मात्र घेऊन या. अंगावर पिसं आहेत की नाहीत, ते नका बघू."

 ऑटोत पिशवी काकांच्या मांडीवर, पण हात पिशवीला न लावता हवेत धरलेले. निम्म्या वाटेत म्हणाले, "मी इलाज करून राह्यलो होतो बाई, अन् ती मार खाऊन राह्यली होती." डोळे पुसले. मग घर जवळ आल्यावर एकदम उजळले. "म्हंजे गाडी ओव्हरहॉलले लागली हाय! भंगार नाही झाली! मंग फेरी कशी मारन ती? मीबी बाप्पा, मूर्खावानी..."

दुसऱ्या दिवसापासून काका हात पाठीमागे बांधून, बादली उलटी टाकून अंगणात बसू लागले. जन्मभर हातानं चाचपून पाहिलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी पाहणं किती जड जातं, ते मी खिडकीतून पाहिलं. हात सुटायचा, पुढं यायचा, पुन्हा मागं जायचा. सोयाबीन रोज शिजायचं. सुकटीच्या वासानं माझ्या गिऱ्हाईक बाया नाक मुरडायच्या. एक जण म्हणाली, "ताई, ब्लाउजले वास लागन." मी म्हटलं, "लागला तर धुवून देईन, पण काकाले काही बोलू नका." हळूहळू कोंबड्या पुन्हा त्यांच्या चपलेपाशी येऊ लागल्या. धारणीच्या मानेवर तर कोंबच कोंब, हरभऱ्याला मोड यावेत तसे.

सगळी गल्ली धारणीची तब्येत विचारत होती आणि चूक तिथंच झाली.

एका दुपारी दोरा ओवताना मी पाहिलं, तर चार जणी दाण्यावर तुटून पडलेल्या आणि धामणगाव लांब, भिंतीच्या उन्हात, फुगून बसलेली. डोळे अर्धे मिटलेले. मी हाक मारली, "काका, धामणगाव दाण्याले नाही आली. काल बी नव्हती आली."

"तिले काय धाड भरली?" काका धारणीवरून नजर न काढता म्हणाले. "तिचा एक केस नाही गळला. रंग पाय न कसा हाय!"

मला असा राग आला म्हणता! "काका, रंग वरून दिसते, गाडी खालून दिसते, हे आमाले जन्मभर आयकवलं कोनं?" मी खिडकीतूनच ओरडले.

काका ताडकन उठले. धामणगाव पळालीसुद्धा नाही. त्यांनी तिला उचललं आणि त्यांचा चेहराच बदलला. त्या गुबगुबीत पिसांच्या आत काही नव्हतंच. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. शेपटीखालची पिसं बाजूला केली, तर उवा सैरावैरा धावत होत्या आणि पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गठ्ठे. हात न लावायचा तो उघड्या कोंबड्यांना. ही तर अंगभर कपडे घालून बसली होती, हिला उचलायला कोणी मनाई केली नव्हती. पण काकांनी सरसकट हात मागं बांधले आणि मीही त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत बसले.

डॉक्टरीणबाईंनी भुकटी दिली, पोटात द्यायचं औषध दिलं. खुराडं रिकामं करून उन्हात तापवायला सांगितलं. बाकीच्यांना हात न लावता अंगणात राख-मातीचा खड्डा करून द्या, त्या आपल्या आपण लोळतील, म्हणाल्या. धामणगावचं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं. "फार खंगली आहे. खायला लागली तर वाचेल."

काकांनी तिला घरात खोक्यात ठेवलं. ती खाईना. चमच्यानं सोयाबीनचं पाणी पाजायचे, ते निम्मं सांडायचं. मी डबा घेऊन गेले की तो तसाच परत यायचा. काकांच्याही घशाखाली उतरत नव्हतं. "ही गेली न बाई," ते म्हणाले, "तर पोरगं खरं बोलत होतं. समोरची आजारी मले नाही दिसली." मी त्यांना रागावले, गोळी घ्यायला लावली, पण मनात मीही देवाला म्हणत होते, की बाबा, एवढी एक कोंबडी ठेव.

एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई! अव बाई! ये लवकर!"  पिकोला लावलेली साडी तशीच टाकून मी धावले. काका खोक्याशी बसले होते, तळहात पुढं केलेला. त्यावर उकडलेलं सोयाबीन आणि धामणगाव टोचत होती. हळू, एकेक दाणा. काकांना हलायची भीती वाटत होती. "टोचू दे," म्हणाले, "रगत निघालं तरी चालन." आम्ही दोघं म्हातारी माणसं एका कोंबडीपाशी बसून रडलो. हसायचं तर हसा.

संक्रांतीला मुलगा आला. अंगणात शिरला आणि पुन्हा थबकला. पाचही कोंबड्या उन्हात. धारणी तर ओळखू येऊ नये अशी, नवीकोरी, काळीभोर, शेपटी वर. धामणगाव अजून बारीक होती, पण पायात घोटाळत होती.

त्याचा चेहरा उतरला. "बाबा, माझी समजूत काढायला नव्या कोंबड्या विकत आणल्या का?"

मला राहवलं नाही. "नव्या काहून आनतीन?" मी भिंतीवरून सुरू झाले. "त्याच हायेत. धारनीचं वाकडं बोट पाय न! दिवाळीले पिसं पाहून गेला, बोट पाहिलं असतं तर आज असा बोलला नसता!"

तो खाली बसला. धारणीचं बोट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काकांनी त्याला काही सुनावलं नाही, बढाई मारली नाही. धामणगाव त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "भुकटी लावाची हाय, पकड. नाही, दाबू नको. पोटाखाली हात. तिले वाटलं पायजे का आपन बसलो हाय." मुलानं पकडलं. काकांनी एकेक पीस बाजूला करत भुकटी लावली. त्यांचा हात अजिबात थरथरत नव्हता. मुलगा कोंबडीकडे नाही, त्या हाताकडे पाहत होता. मी भिंतीवरून दोघांकडे पाहत होते.

दोन दिवस तो राहिला. सामानाचं नाव काढलं नाही. काकांनीही विचारलं नाही, पण मला कळत होतं, जीव टांगणीला लागला होता. निघायच्या वेळी बॅग खांद्याला लावून तो दारात घुटमळला. तीळगूळ घेऊन मीही तिथंच उभी होते.

"बाबा," तो म्हणाला, "उन्हाळ्यात पिंकीची शाळा बंद असते. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. तिला... इथं ठेवू का? तुमच्याजवळ? महिना-दीड महिना. जमेल तुम्हाला?"

 काकांनी मान हलवली, मग आणखी एकदा हलवली आणि पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले, ते मुलगा ऑटोत बसेपर्यंत बाहेर आले नाहीत.

आता मी अमरावतीला लेकीजवळ राहते. खिडकीतून समोरच्या फ्लॅटच्या खिडक्या दिसतात. काका फोनवर भेटतात, कोंबड्यांची खबर आधी, स्वतःची नंतर. पण माझ्या डोळ्यांसमोर येतो तो मे महिन्यातला एक दिवस. त्यांच्या दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेला. आत धुतलेल्या गोधडीची दोन अंथरुणं, माठ भरलेला, आणि मी त्यांच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत उभी. दूधवाला आला, कुलूप पाहून त्याचं तोंड पडलं.

"गेले वाटते काका पुन्याले? नेलंच शेवटी पोरानं?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "स्टेशनवर गेले. पुनंच इकडं येऊन राह्यलं. उद्यापासून एक लिटर जास्त टाकजो."